टेबलामागचा मिशनरी

(मिशन रविवारानिमित्त अभ्यासपाठ)

वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७; रोमकरांस पत्र १६:२१-२३; करिंथकरांस पहिले पत्र १२:४-३१



ऑक्टोबर महिन्यातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी आपण मिशन रविवार पाळतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी आपण मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि मिस्साच्या वेळी एक पाकीट देतो. पाकीट देताना आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र असते : पायात झिजलेल्या चपला, खांद्यावर झोळी, नदी ओलांडून पाड्यावर निघालेले फादर किंवा सिस्टर. हे चित्र खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. तुमचे पाकीट त्या पाड्यावर थेट जात नाही. मध्ये कुठेतरी एक टेबल असते आणि त्या टेबलामागे कुणीतरी बसलेले असते. आजचा पाठ त्या माणसाविषयी आहे.

एका आठवड्याची गोष्ट

२००३ सालचा ऑक्टोबर. माझे तत्त्वज्ञानाचे शिक्षण नुकतेच संपले होते, ईशज्ञानाचे अजून सुरू व्हायचे होते. मिशन रविवाराआधीचा आठवडा म्हणजे मिशन कार्यालयात कामाचा डोंगर, म्हणून वरिष्ठांनी मला सहा दिवसांसाठी तिथे मदतीला धाडले. कार्यालयात एक म्हातारे फादर होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांतली पस्तीस वर्षे त्यांनी आदिवासी भागात काढलेली. गुडघे गेले, डोंगर चढवेना, तेव्हा त्यांना या खोलीत आणून बसवले. दोन कपाटे, एक टाईपरायटर, एक टेलिफोन आणि वह्या.

खरे सांगतो, मला वाईट वाटले. ज्या माणसाने पाड्यापाड्यांवर सुवार्ता नेली त्याला शेवटी पावत्या फाडायला बसवले, असे मनात आले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि नुकतीच पदवी घेतलेल्या माणसाला जेवढे कळते असे वाटते तेवढे मला कळत होते.

सोमवार टपालाचा. शनिवार-रविवारचे साचलेले टपाल पोत्याने आले. फादर प्रत्येक पाकीट सुरीने सरळ कापत आणि रिकामे पाकीट पत्राला टाचणी लावून ठेवत. मी टोपलीत टाकू लागलो तर म्हणाले, "ब्रदर, माणसं पत्रात पत्ता लिहायला विसरतात. पाकिटाच्या पाठीवर लिहिलेला असतो. पाकीट गेलं की माणूस गेला." त्या वेळी पुष्कळ देणग्या मनीऑर्डरीने येत. मनीऑर्डरीच्या खालच्या तुकड्यावर निरोपाला दोन बोटे जागा असे. त्या जागेत लोक काय काय लिहीत! मुलाला नोकरी लागली म्हणून. नवरा दारू सोडून सहा महिने झाले म्हणून. एका आजीने ५१ रुपये पाठवून लिहिले होते, 'वसतिगृहातल्या मुलींच्या तेलासाठी'. मी रक्कम वहीत चढवली आणि पुढचा तुकडा घेतला.

मंगळवारी मिस्सा हेतूंची वही. कुणाच्या आत्म्यासाठी, कुणाच्या आजारासाठी मिस्सा मागितलेली. ही मिस्सा आतल्या गरीब मिशनमधले फादर अर्पण करतात आणि तिचे दान त्यांना मिळते. मला वाटले, दहा लहान लहान दाने एकत्र करून एक मिस्सा धरावी. फादरांनी चर्चच्या कायद्याचे पुस्तक पुढ्यात ठेवले. कॅनन ९४८ : दान कितीही लहान असो, ज्या ज्या हेतूसाठी दान स्वीकारले त्या प्रत्येकासाठी वेगळी मिस्सा. कॅनन ९५३ : वर्षाच्या आत अर्पण करता येतील त्याहून जास्त हेतू कुणी स्वीकारू नयेत. कॅनन ९५५ : कुणाची मिस्सा घेतली, कुणाला पाठवली, केव्हा पूर्ण झाली, याची नोंद ठेवावी. "आणि ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याच्यासाठीही मिस्सा अर्पण करा, असंसुद्धा इथंच लिहिलंय," ते म्हणाले, "कॅनन ९४५. तोही हेतू वहीत लिहायचा. रकमेच्या रकान्यात शून्य घालायचं. शून्य लिहायला लाजायचं नाही."

बुधवारची गोष्ट मी आजवर विसरलो नाही. रात्रीच्या एसटीने एक तरुण फादर आतल्या मिशनमधून आले. डोळे लाल. वसतिगृहातल्या एका मुलाला सिकलसेलचा त्रास होता, तो एकदम वाढला आणि त्याला जिल्ह्याच्या गावी दाखल केले होते. चार हजार रुपये लगेच हवे होते. औषधपाण्याच्या खात्यात सहाशे रुपये होते. कपाटात मात्र पंधरा हजारांचा एक धनादेश वटवून ठेवलेला होता. एका निवृत्त शिक्षिकेने एका पाड्यावरच्या कपेलात घंटा बसवण्यासाठी पाठवलेला.

मी म्हणालो, "फादर, त्यातून काढा ना. नंतर परत ठेवू. नोटेला काय नाव असतं?"

फादर म्हणाले, "नोटेला नसतं. देणाऱ्याला असतं."

मला राग आला. मूल मरणाच्या दारात आणि इथे वहीचे नियम! शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही, हे प्रभूचे वचन माझ्या ओठावर आले होते. पण मी बोलायच्या आत फादरांनी टेलिफोन उचलला होता. पाकीट जपून ठेवले होते, त्यावर पत्ता होता, पत्त्याखाली शेजाऱ्यांचा नंबर होता. पाच मिनिटांनी बाई फोनवर आल्या. फादरांनी सगळे सांगितले आणि विचारले, "बाई, तुमच्या घंटेतले चार हजार या मुलासाठी वापरू का? नाही म्हणालात तरी चालेल, मी दुसरीकडे उसने मागतो."

बाई काय म्हणाल्या ते मला टेबलापलीकडूनही ऐकू आले. "फादर, हे विचारायला फोन कशाला केलात? घंटा पुढच्या वर्षी वाजेल."

फादरांनी वहीत तारीख, वेळ आणि बाईंचे शब्द लिहिले, खाली माझी साक्षीदार म्हणून सही घेतली आणि पैसे तरुण फादरांच्या हाती दिले. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. एसटी चुकली नाही. मुलगा बरा होऊन वसतिगृहात परतला, आणि घंटाही दोन वर्षांनी बसली, असे मला पुढे कळले.

संध्याकाळी मी विचारले, "फादर, बाई नक्की हो म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं. मग विचारलंत कशाला?" ते म्हणाले, "हो म्हणण्याचा आनंद त्यांचा होता. तो मी कसा घेऊ?"

बंधुभगिनींनो, चर्चचा कायदा कॅनन १२६७ मध्ये सांगतो की एखाद्या कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे. मी हा नियम भिंतीसारखा समजत होतो. तो खरे तर दिलेला शब्द आहे. भिंत ओलांडायला ती पाडावी लागते. शब्दाचे तसे नाही. ज्याला दिला त्याच्याकडे जाऊन तो मोकळा करून घेता येतो. त्यासाठी फक्त त्या माणसाला माणूस मानून विचारावे लागते.

गुरुवारी परदेशी देणग्यांची वही. त्या काळी १९७६ चा कायदा होता, आता त्याच्या जागी २०१० चा कायदा आहे. अशा देणग्यांचा हिशेब वेगळा ठेवून सरकारला दाखवावा लागतो. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही रकाने भरले आणि दुपारनंतर आभाराची पत्रे लिहिली. छापील पत्र होतेच, पण प्रत्येकाखाली फादर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहीत. अक्षर थरथरायचे.

वीस रुपये

शुक्रवारी आठवड्याचा हिशेब मिटवायचा होता. रोकड मोजली. वहीपेक्षा वीस रुपये जास्त भरले. पुन्हा मोजली. वीस जास्तच. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मी म्हणालो, "फादर, कमी तर नाहीत ना? जास्त आहेत. पेटीत टाकून देऊ, देवाचे देवाला."

फादरांनी चष्मा काढला. म्हणाले, "ब्रदर, कमी भरले असते तर तू रात्रभर शोधले असतेस, चोरीचा आळ येईल म्हणून. जास्त भरले की कुणी शोधत नाही. पण इथे वीस जास्त म्हणजे कुणाच्या तरी नावापुढे वीस कमी लिहिले गेले."

आम्ही सोमवारपासूनचा एकेक तुकडा वहीशी लावून पाहिला. पावणेआठला सापडले. तेलासाठी ५१ रुपये पाठवणाऱ्या आजीच्या नावापुढे मी घाईत ३१ लिहिले होते. पाचाचा तीन झाला होता. तिची पावतीही ३१ ची तयार होती आणि सकाळी टपालात जाणार होती.

मी त्या रात्री झोपण्यापूर्वी विचार केला. ती पावती आजीच्या हातात पडली असती तर काय झाले असते? तिला वाटले असते, पोस्टमनने वीस रुपये खाल्ले. किंवा फादरांनी खाल्ले. तिने कुणाला विचारले नसते. गरीब माणूस वीस रुपयांसाठी चर्चला जाब विचारत नाही. पण तिने पुन्हा मनीऑर्डरही केली नसती, आणि मनात एक काटा घेऊन ती आयुष्यभर मिस्साला गेली असती. माझ्या एका घाईच्या आकड्याने एका म्हातारीच्या श्रद्धेला तडा गेला असता, आणि मला ते कधी कळलेही नसते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'सत्य म्हणजे काय' यावर मी मोठा निबंध लिहिला होता. सत्य वहीच्या रकान्यातही राहते, हे त्या निबंधात नव्हते.

शनिवारी निघताना मी धीर करून विचारले, "फादर, मिशनची आठवण येते का?"

मला वाटले, ते काहीतरी सुंदर बोलतील. ते म्हणाले, "रोज सकाळी येते. इथे आणलं तेव्हा पहिलं वर्षभर मी प्रोव्हिन्शिअलांवर रागावलो होतो. प्रार्थनेतही रागावलेलाच असायचो." मग थोडे थांबून म्हणाले, "राग गेला तो कसा गेला ते सांगता येणार नाही. एक दिवस एका फादरांचं पत्र आलं. माझ्याच जुन्या पाड्यावरचे. लिहिलं होतं, पैसे वेळेवर पोचले, पावसाआधी छप्पर झालं. ते छप्पर मला माहीत होतं. मी तिथे भिजलोय."

दुसऱ्या दिवशी, १९ ऑक्टोबर २००३ रोजी, मिशन रविवार होता. त्याच दिवशी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मदर तेरेसांना धन्य घोषित केले. आम्ही टीव्हीसमोर बसून तो सोहळा पाहत होतो. फादर शेजारी बसले होते. मध्येच हळू आवाजात म्हणाले, "यांच्याही मागे कुणी पावत्या लिहिणारी सिस्टर असेल बघ."

बायबल काय सांगते?

आद्य ख्रिस्तसभेचे पहिले 'कार्यालय' एका तक्रारीतून जन्मले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी ही तक्रार क्षुल्लक म्हणून झटकली नाही. त्यांनी सात जण निवडायला सांगितले. कसे? चांगल्या नावलौकिकाचे, पवित्र आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेले. नीट पाहा. उपदेशासाठी नव्हे, जेवणाच्या वाटपासाठी पवित्र आत्म्याने भरलेली माणसे हवी होती! हात ठेवून आणि प्रार्थना करून त्यांना हे काम सोपवले. आणि लगेच पुढच्या वचनात लूक सांगतो की देवाचे वचन पसरत गेले, शिष्यांची संख्या वाढली. वाटप सुधारले आणि सुवार्ता पुढे गेली, असा क्रम आहे. त्या सातांतला स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिपने इथिओपियाच्या अधिकाऱ्याला बाप्तिस्मा दिला. टेबलाजवळ उभे राहिलेलेच पुढे दूर गेले.

रोमकरांस लिहिलेले पत्र आपण पौलाचे म्हणतो. पण सोळाव्या अध्यायात एक माणूस मध्येच आपला सलाम सांगतो : तर्तियस. त्याने ते पत्र लिहून घेतले. एवढे मोठे पत्र, पौल सांगतो आहे आणि तर्तियस लिहितो आहे. पौलाने त्याची ओळ खोडली नाही, ती आज आपल्या बायबलमध्ये आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल पवित्र आत्म्याची दाने मोजतो. प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, चमत्कार, रोग बरे करणे, आणि त्याच यादीत व्यवस्था पाहण्याचे दानही येते. तिथला मूळ ग्रीक शब्द जहाजाचे सुकाणू धरण्यावरून आला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना हे वेगळे समजवायला नको. जाळे टाकणारे खलाशी दिसतात, मासळी त्यांच्या हातात येते. पण तांडेलाचा हात सुकाणूवरून सुटला तर जाळे कुठे पडेल?

ख्रिस्तसभेच्या इतिहासातले तिघे

संत इग्नेशिअस. १५३४ साली पॅरिसजवळ मोंमार्त्रच्या टेकडीवर इग्नेशिअस आणि त्यांच्या सोबत्यांनी जेरुसलेमला जाण्याचे व्रत घेतले होते. ते जाणे घडले नाही. १५४१ साली इग्नेशिअस येशूसंघाचे प्रमुख झाले आणि ३१ जुलै १५५६ रोजी मृत्यू येईपर्यंत रोममध्येच राहिले. त्यांचे लाडके सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरले आणि पुढे मलाक्का, जपानपर्यंत गेले. इग्नेशिअस मात्र टेबलाशी. त्यांची जवळजवळ सात हजार पत्रे आणि सूचना आज जपलेल्या आहेत. १५४७ पासून हुआन दे पोलांको हे त्यांचे चिटणीस होते. तेव्हा रोम-गोवा पत्राला महिनोन् महिने लागत. जून १५५३ मध्ये इग्नेशिअस यांनी झेवियर यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. झेवियर त्याआधीच, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर प्रभूकडे गेले होते. एक म्हातारा होत चाललेला माणूस आपल्या मित्राला पत्र लिहितो आहे आणि मित्र सहा महिन्यांपूर्वीच वारला आहे. टेबलामागच्या मिशनऱ्याचाही एक क्रूस असतो, तो असा.

फ्रांचेस्को इंगोली. हे नाव तुम्ही बहुधा ऐकले नसेल. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली साऱ्या जगातील मिशनकार्यासाठी रोममध्ये एक विभाग स्थापन केला. इंगोली त्याचे पहिले सचिव. १६४९ साली मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, ते त्या जागेवर होते. मिशनच्या देशांत ते कधी गेले नाहीत. ते चुकत नसत असेही नाही; पृथ्वी स्थिर आहे असा वाद त्यांनी १६१६ साली गॅलिलिओशी घातला होता! पण चारी खंडांतून येणारी पत्रे आणि तक्रारी त्यांनी मनापासून वाचल्या. त्यांतून त्यांना दिसले की परदेशी धर्मगुरूंवर कायम विसंबून राहिलेली ख्रिस्तसभा रुजणार नाही; त्या त्या भूमीतले धर्मगुरू आणि बिशप घडवले पाहिजेत.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रु हा ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेला तरुण. धर्मगुरू होण्याची त्याची इच्छा गोव्यात पुरी होऊ शकली नाही, कारण पोर्तुगीज सत्तेखालच्या चर्चमध्ये त्याच्यासारख्याला दार बंद होते. तो रोमला गेला. तिथे इंगोलींच्या विभागाने त्याला आधार दिला, तो शिकला, धर्मगुरू झाला आणि १६३७ साली त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली. लॅटिन विधीतले ते पहिले भारतीय बिशप. आदिलशाही मुलूख त्यांच्याकडे सोपवण्यात आला आणि काही काळ ते डिचोलीला राहिले. पुढचे त्यांचे आयुष्य संघर्षाचेच गेले. पण दार उघडले होते. आज आपल्या वेदीवर आपल्याच गावचा मुलगा उभा असतो, त्यामागे रोमच्या एका कार्यालयात कुणीतरी तक्रारीचे पत्र टोपलीत न टाकता वाचले होते, हेही आहे.

धन्य पॉलिन जॅरिको. फ्रान्समधल्या लिऑन शहरातली ही प्रापंचिक स्त्री. रेशीम कारखान्यांतल्या कामगार मुलींना तिने दहा-दहाच्या गटात बांधले. प्रत्येकीने दर आठवड्याला एक छोटे नाणे द्यायचे आणि मिशनसाठी प्रार्थना करायची. दहा गटांवर एक प्रमुख, त्या शंभरांच्या दहा समूहांवर आणखी एक. इतके साधे. या पद्धतीतून ३ मे १८२२ रोजी सुवार्ताप्रसार संस्था उभी राहिली, १९२२ साली ती पोपमहोदयांची संस्था झाली आणि तुमचे मिशन रविवारचे पाकीट आजही तिच्याच हिशेबात जमा होते. पॉलिन स्वतः १८६२ साली गरिबीत वारल्या. २२ मे २०२२ रोजी लिऑनमध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले. कोणता चमत्कार आधी मोजावा? मला वाटते, आठवड्याचे ते नाणे नियमित गोळा होत राहिले, तोच.

एक इशारा

पण कार्यालयाची पूजा करू नये. वहीसाठी माणूस थांबवला, फॉर्म नीट भरला नाही म्हणून रडणाऱ्या बाईला परत पाठवले, असे आपल्याकडेही घडते. माझ्याकडूनही घडले आहे. एका गृहस्थांना वडिलांच्या दफनाच्या दिवशी मी वर्गणीचे कार्ड विचारले होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. पोप फ्रान्सिस यांनी १४ मार्च २०१३ च्या आपल्या पहिल्याच मिस्सात बजावले होते की येशू ख्रिस्ताची साक्ष दिली नाही तर ख्रिस्तसभा केवळ एक दयाळू सेवाभावी संस्था उरेल. हिशेब चोख आणि हृदय कोरडे, हा धोका खरा आहे. त्यावर औषध म्हणजे वही फेकून देणे नव्हे. त्या म्हाताऱ्या फादरांनी केले ते करणे : वहीतल्या नावामागचा माणूस दिसेपर्यंत वही वाचणे. बुधवारी त्यांनी मुलालाही वाचवले आणि बाईला दिलेला शब्दही. घाई करून मी दोन्हींपैकी एकच वाचवला असता.

आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामात बँकेतून, शाळेतून, रेल्वेतून, एसटीतून निवृत्त झालेले कितीतरी लोक आहेत. त्यांतले काही मला मिस्सानंतर भेटून म्हणतात, "फादर, आता आमचा काय उपयोग?" हे वाक्य मला टोचते. कारण त्याच वेळी चर्चच्या कार्यालयात जुन्या स्नानसंस्कार नोंदवह्यांची पाने कुरतडली जात आहेत आणि त्यांची नक्कल करायला माणूस नाही. कॅनन ५३५ सांगतो की विवाह, दृढीकरण अशा गोष्टींची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदीसमोर करावी. अशी एक नोंद राहून गेली की कुणाच्या तरी लग्नाच्या आधी धावपळ होते आणि दोन घरे रडतात. आजारी लोकांची यादी अद्ययावत नाही म्हणून कुणी म्हातारे पवित्र ख्रिस्तशरीराविना राहून जातात. यादी ही त्यांच्यापर्यंत जाणारी वाट आहे.

ज्यांचे गुडघे दुखतात पण अक्षर चांगले आहे, ज्यांना डोंगर चढवत नाही पण टेलिफोनवर प्रेमाने बोलता येते, त्यांनी आठवड्यातून दोन सकाळ द्याव्यात. हे मिशनकार्य आहे. फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर १९२७ साली ज्यांना मिशनच्या आश्रयदात्या नेमले त्या संत तेरेसा लिझ्यूच्या मठाबाहेर मिशनला कधी गेल्या नव्हत्या. त्या प्रार्थना करीत आणि दोन मिशनऱ्यांना पत्रे लिहीत.

ते म्हातारे फादर आता नाहीत. त्यांच्या दफनाला मी गेलो होतो. पाड्यावरून दोन जीप भरून लोक आले होते. मागच्या बाकावर पांढऱ्या लुगड्यातली एक आजी एकटी बसली होती. ती तेलाचे ५१ रुपये पाठवणारी होती की नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही. पण तिच्याकडे पाहून मला वहीतला तो पाच पुन्हा आठवला आणि मी तो मनातल्या मनात नीट गिरवला.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा वाडीतल्या प्रार्थनासभेत)

१. प्रेषितांनी वाटपाच्या कामासाठी 'पवित्र आत्म्याने भरलेली' माणसे का मागितली असतील?

२. माझ्या रोजच्या कामात असे कोणते काम आहे जे मी क्षुल्लक समजून घाईने उरकतो? त्या कामाच्या पलीकडे कोण माणूस आहे?

३. नियम पाळताना मी कुणाला दुखावले आहे का? आणि नियम मोडताना कुणाचा विश्वास मोडला आहे का?

४. आपल्या घरात वयामुळे 'आता उपयोग नाही' असे वाटणारे कुणी आहे का? या आठवड्यात त्यांना कोणते काम आपण मनापासून मागू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू नासरेथच्या कामठ्यात तीस वर्षे कुणाला न दिसता राबलास. जे तुझ्या सुवार्तेसाठी दूर जातात त्यांना सांभाळ. जे त्यांच्यासाठी मागे बसून लिहितात, मोजतात, वाट पाहतात, त्यांचे थकलेले डोळे आणि थरथरणारे हात आशीर्वादित कर. आमच्या वहीत कुणाचे नाव चुकू देऊ नकोस, आणि तुझ्या जीवनाच्या पुस्तकात आम्हां सर्वांची नावे असू दे. आमेन.

— तुमचा धर्मगुरू